मोज्यातला पहारेकरी

अल्झायमरचे अनेक रुग्ण रात्री अंथरुणातून उठून नकळत घराबाहेर पडतात. अंधारात पडणे, वाट चुकणे हे धोके असतातच. मग लक्ष ठेवायला घरातल्या कोणाला तरी रात्र जागून काढावी लागते. अमेरिकेतील केनेथ शिनोझुकाच्या आजोबांच्या बाबतीत हेच घडत होते.

एका रात्री आजोबांचा पाय जमिनीवर टेकताना केनेथने पाहिला आणि त्याला युक्ती सुचली. उभे राहताच शरीराचा भार तळपायावर येतो. हा दाब ओळखणारा पातळ सेन्सर त्याने मोज्याला जोडला. दाब वाढला की छोटे सर्किट बिनतारी संदेश पाठवते आणि काळजी घेणाऱ्याचा स्मार्टफोन वाजतो. सर्किटला नाण्याच्या आकाराची बॅटरी पुरते.

२०१४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, केनेथला ‘गूगल सायन्स फेअर’ या विद्यार्थी स्पर्धेत ५० हजार डॉलरचा ‘सायन्स इन अ‍ॅक्शन’ पुरस्कार मिळाला. आजोबा उठल्याच्या ९०० हून अधिक वेळांपैकी एकही यंत्राने चुकवली नाही, असे त्याने नंतर ‘टेड’च्या व्यासपीठावर सांगितले. अर्थात, एका रुग्णावरचे यश पुरेसे नसते. असे साधन अनेक रुग्णांवर तपासावे लागते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातल्या बहुतेकांची काळजी घरचेच घेतात. मोज्यामुळे आजार बरा होत नाही. पण काळजी घेणाऱ्याला निर्धास्त झोप मिळाली, तर तीही रुग्णाच्या उपयोगाचीच.