जुन्या मोटारीच्या ब्रेकची थरथर : कारणें, परीक्षा व उपाय

बागाइतदाराच्या घरीं मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बियाणें आणणें, भाजी बाजारांत पोंचविणें, आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिजवर अवलंबून असतात. अशी गाडी दहा-पंधरा वर्षें चालल्यावर तिला पुष्कळदां एक विकार जडतो. ब्रेक दाबतांच स्टिअरिंग हातांत थरथरूं लागतें, अथवा ब्रेकचें पेडल पायाखालीं धडधडतें. गॅरेजांत "डिस्क वांकली" असा निकाल मिळून नव्या डिस्क बसविल्या जातात. आणि कांहीं महिन्यांनीं थरथर परत येते. दुखणें एकीकडे व औषध दुसरीकडे, असा हा प्रकार होय. म्हणून सुटे भाग विकत घेण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें कसें ओळखावें, याचा विचार येथें करूं.

थरथर कशानें उत्पन्न होते

१९८३ सालीं निघालेली मारुती ८०० किंवा २००० सालीं निघालेली बोलेरो यांसारख्या गाड्यांत पुढील चाकांस डिस्क-ब्रेक व मागील चाकांस ड्रम-ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. कॅलिपर तिला दोहों बाजूंच्या पॅडमध्यें चिमट्याप्रमाणें दाबतो. या चकतीची जाडी एके ठिकाणीं मिलिमीटरच्या शंभराव्या एक-दोन भागांइतकी जरी कमी-अधिक झाली, तरी प्रत्येक फेऱ्यास पकड वाढते व सुटते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें मारुती ८०० चें चाक सेकंदास सुमारें १० फेरे घेतें; तितकेच धक्के हातापायांस जाणवतात.

उष्णतेनें डिस्क वांकते ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु बहुतेक वेळीं खरें कारण निराळें असतें. डिस्क ज्या हबवर बसते त्यावर गंज किंवा माती राहिली, अथवा चाकाचे नट कमी-अधिक आवळले गेले, म्हणजे डिस्क किंचित् तिरकी बसते. आरंभीं कांहींच जाणवत नाहीं. पण ब्रेक दाबलेला नसतांही तिची पुढें आलेली बाजू प्रत्येक फेऱ्यास पॅडला घासते व तेथें ती झिजत जाते. कांहीं हजार किलोमीटर गेल्यावर जाडींत फरक पडून थरथर सुरू होते. नवी डिस्कही त्याच गंजलेल्या हबवर बसविली, तर तिचीही तीच गत होते.

दुसरें कारण पॅडचा लेप. घाट उतरून तापलेल्या ब्रेकनें गाडी उभी केली व पाय पेडलवर तसाच दाबून धरला, तर पॅडचा अंश डिस्कवर एकाच जागीं चिकटतो. तिसरें कारण गंज. पावसाळ्यांत गाडी महिनोन् महिने उभी राहिली, आणि तीही खताच्या पोत्यांशेजारीं, तर पॅडखालील जागा व उघडी जागा सारखी गंजत नाहीं. खतांतील क्षार ओल धरून लोखंड लवकर खातात.

परीक्षा

पहिली परीक्षा ब्रेक न दाबतां करावी. गाडी वेगानें जात असतां तशीच थरथरत असेल, तर दोष ब्रेकचा नसून टायर, चाकाचा तोल, बेअरिंग अथवा स्टिअरिंगचे सांधे यांत शोधावा.

दुसरी, ब्रेक दाबल्यावरची. स्टिअरिंग हालत असेल तर बहुधा पुढील चाकें, व बैठक आणि पेडल धडधडत असून स्टिअरिंग शांत असेल तर मागील ड्रम दोषी समजावे. खात्रीसाठीं मोकळ्या, सपाट व कोरड्या जागीं मंद वेगांत, कळ दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढावा. थरथर आली तर ड्रम गोल राहिला नाहीं. कांहीं जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीमागील दांड्यावर चालतो. त्यांस ही परीक्षा लागू नाहीं. ज्या गाडींत ए.बी.एस. आहे तींत निसरड्या जागीं जोरानें ब्रेक दाबल्यास पेडल धडधडतें. तो दोष नव्हे.

तिसरी परीक्षा उष्णतेची. थोडी फेरी करून थांबल्यावर चाकांजवळ, स्पर्श न करितां, हात न्यावा. एकच चाक फार तापलें असेल तर त्याचा कॅलिपर किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत.

शेवटीं चाक काढून डायल गेजनें डिस्कचें डुलणें व मायक्रोमीटरनें अनेक ठिकाणीं जाडी मापवून घ्यावी. डुलण्याची मर्यादा गाडीनुसार साधारणतः ०.०५ ते ०.१५ मि.मी. असते, नेमका आंकडा कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकांत मिळतो. हें माप न घेतां "डिस्क बदला" म्हणणाऱ्या कारागिराचा सल्ला घाईनें मानूं नये.

उपाय

डिस्क काढून हबचा माथा तारेच्या ब्रशनें चकाकेपर्यंत साफ करावा व पुनः माप घ्यावें. एवढ्यानें डुलणें गेलें, तर डिस्क लेथवर घासून सारखी करितां येते. मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खालीं ती जातां कामा नये. जात असल्यास ती बदलावी, व तीही दोन्ही बाजूंची. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें, टॉर्क-पान्यानें सारखे आवळावे. पंक्चरच्या दुकानीं यंत्रानें एकेक नट कचकचून आवळण्याची जी चाल आहे, तिच्यांतच या दोषाचें मूळ पुष्कळदां असतें. जुन्या लाइनिंगच्या धुळींत अॅस्बेस्टॉस असूं शकतें. ती फुंकरीनें किंवा हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पेडल स्पंजासारखें मऊ लागणें किंवा खोल जाणें, गाडी एका बाजूस ओढणें, अथवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येणें, हीं निव्वळ थरथरीचीं लक्षणें नव्हेत. तीं दिसतांच गाडी चालविणें थांबवावें. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरतांना ब्रेक गेल्यास दुसरी संधि मिळत नाहीं. निरोगी ब्रेकनेंही घाट खालच्या गिअरमध्येंच उतरावा, आणि तापलेल्या चाकांवर लगेच पाणी ओतूं नये.

जनावर आजारी पडलें असतां आपण प्रथम कोणता अवयव दुखतो तें पाहतों व मग औषध देतों. मोटारीसही हाच न्याय लावावा. प्रथम चाक ओळखावें, मग बैठक साफ करून माप घ्यावें, आणि शेवटीं, जरूर पडल्यासच, नवा भाग आणावा. या क्रमानें चालणाऱ्या मालकाचा पैसा वांचेल व घरचीं माणसें सुखरूप घरीं येतील.