घरचा साबण : अंदाज नको, वजन करा

बचत गटाच्या बैठकीत खत-बियाण्याची बोलणी संपून चहा झाला, की एखादी भगिनी विचारतेच, “साहेब, साबण घरी करता येतो म्हणतात, ते खरं का?” खरे आहे. दोन-तीन प्रकारचे तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा एवढ्या सामग्रीत अंगाला लावण्याजोगा चांगला साबण घरी होतो. त्यासाठी भट्टी लागत नाही, तासन्‌तास शिजवत बसावे लागत नाही. म्हणूनच या रीतीला थंड पद्धत म्हणतात.

गावात साबण करणे ही काही नवलाई नाही. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. त्याने ज्या उद्योगांना हात दिला त्यांत अखाद्य तेले व साबण हा एक उद्योग होता. कडुनिंब, करंज, मोह यांच्या बिया गोळा करून तेल काढायचे आणि त्याचा साबण करायचा, अशी ती कल्पना होती. हल्ली निराळे काय घडते, तर मोबाईलवर व्हिडिओ पाहून साबण केला जातो आणि त्यातले मापच मुळी ‘दोन चमचे कॉस्टिक, दोन वाट्या तेल’ असे असते. हे माप धोक्याचे आहे, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

आपल्या गृहिणींच्या हाताचा अंदाज मोठा अचूक असतो. पुरणाला किती गूळ, लोणच्याला किती मीठ, हे त्यांना तराजूने सांगावे लागत नाही. परंतु भाजीत मीठ जास्त झाले तर जेवण बिघडते, एवढेच. साबणात कॉस्टिक जास्त झाले तर कातडी भाजते. येथे चमचा आणि वाटी बाजूला ठेवून काट्यावरच वजन केले पाहिजे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता तालुक्याच्या गावी सहज मिळतो. तो नसेल तर साबण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेलागणिक हिशेब वेगळा

तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की दोघेही आपले मूळ रूप सोडतात आणि त्यातून साबण व ग्लिसरीन तयार होते. हिशेब बरोबर असेल तर मुरलेल्या साबणात मोकळे कॉस्टिक उरत नाही. ग्लिसरीन मात्र वडीतच राहते आणि कातडीला मऊपणा देते. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळे काढून घेतात.

आता महत्त्वाचे. प्रत्येक तेलाची कॉस्टिक पचवण्याची ताकद निराळी असते. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागते. शेंगदाणा, करडई आणि तीळ यांच्या तेलांना सुमारे १३.५ ग्रॅम पुरते. कडुनिंबाच्या तेलाला साधारण १३.७, करंजाला १३ आणि एरंडेलाला १२.८ ग्रॅम. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. आलेल्या बेरजेतून शेकडा ५ कमी करावे, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते, साबण सौम्य होतो आणि घाण्याच्या तेलात थोडाफार फरक असला तरी सांभाळला जातो.

हा हिशेब चुकला तर काय होते, ते एका गटात पाहायला मिळाले. कृती होती ३०० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम एरंडेल यांची, कॉस्टिक ७७ ग्रॅम. खोबरेल महाग पडते म्हणून बायकांनी तेवढ्याच वजनाचे घरचे करडईचे तेल घातले. तेलाला तेल, त्यात काय बिघडले, असा त्यांचा साधा विचार. कॉस्टिक मात्र ७७ ग्रॅमच राहिले. वड्या दिसायला चांगल्या झाल्या. महिन्याने एकीने भांडी घासायला एक वडी घेतली, तर बोटांची साले निघाली. पुढच्या आठवडी बाजारात त्याच वड्या मांडायच्या, असे ठरलेले होते!

वही काढून हिशेब मांडला. ३०० ग्रॅम खोबरेलाला जवळजवळ ५५ ग्रॅम कॉस्टिक लागले असते. तेवढ्याच करडईला साडेचाळीसच पुरते. म्हणजे साऱ्या तेलाला मिळून ६७ ग्रॅम हवे होते आणि घातले होते ७७. हे १० ग्रॅम मोकळे कॉस्टिक वड्यांत बसून होते. लहान मुलाच्या अंगाला तो साबण लागला असता तर?

त्या बायकांनी केलेली एक गोष्ट मात्र फार कामाला आली. प्रत्येक जिन्नसाचे वजन त्यांनी वहीत टिपून ठेवले होते. त्यामुळे नेमके किती चुकले ते कळले आणि उपायही सापडला. हातमोजे घालून साऱ्या वड्या स्टीलच्या किसणीने किसल्या, स्टीलच्या पातेल्यात घालून थोडे पाणी शिंपडले आणि ते पातेले उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवले. कीस मऊ होताच १०० ग्रॅम करडईचे तेल घालून दोन तास हलवत राहिल्या. त्या तेलाने मोकळे कॉस्टिक पचवले. साबण खरबरीत झाला, दिसायला ओबडधोबड, पण पुढे हाताला चुरचुरला नाही. वजने लिहिलेली नसती तर सारा घाणा टाकून द्यावा लागला असता.

कॉस्टिकशी वागताना

कॉस्टिक सोडा म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे आणि खाण्याचा सोडा तर नव्हेच. पांढऱ्या पापुद्र्यांसारखा हा पदार्थ हवेतली ओल शोषून घेतो. म्हणून बंद पाकीट आणावे आणि उरलेले घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, कुलपात ठेवावे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कॉस्टिकचे पाणी चुकूनही भरून ठेवू नये. तहानलेले पोर बाटली पाहते, तिच्यात काय आहे ते पाहत नाही.

भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची घ्यावीत. जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचे भांडे, जस्ताची बादली आणि कल्हईचे पातेले यांना कॉस्टिक खाते. ॲल्युमिनियमवर तर फसफसून पेट घेणारा वायू सुटतो. साबणाची भांडी स्वयंपाकात पुन्हा आणू नयेत.

हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांवर बाजूंनी झाकणारा पारदर्शक चष्मा हवा. असा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो नुसता गळ्यात अडकवून उपयोगाचा नाही. फवारणीच्या वेळी आपले बंधू तोंडाचा रुमाल मानेवर ठेवतात, त्यातलाच तो प्रकार! मुले, कोंबड्या आणि मांजर अंगणाबाहेर काढून कामाला बसावे.

पाण्यात कॉस्टिक घालावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास ते एकदम उसळून तोंडावर येते. पाणी थंडच घ्यावे. कॉस्टिक पडताच चुलीवर न ठेवताही ते चटका बसण्याइतके तापते आणि ठसका लागेल अशी वाफ येते, म्हणून हे काम पडवीत किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

थेंब उडालाच तर भिजलेला कपडा काढून तेथे वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. लिंबू, व्हिनेगर, तूप, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडावे आणि तडक दवाखाना गाठावा. पोटात गेले तर तोंड धुवावे, उलटी मात्र मुळीच काढू नये आणि एक क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे. भरलेली बादली आणि तांब्या काम सुरू करण्याआधीच जवळ असावा.

पहिला घाणा

पहिल्या खेपेला अर्धा किलो तेलाचाच साबण करावा. वर सांगितलेलीच कृती घेऊ. खोबरेल ३००, शेंगदाणा १५० आणि एरंडेल ५० ग्रॅम. खोबरेलाने वडी टणक होते आणि फेस भरपूर येतो, पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. शेंगदाणा तेल तो सौम्य करते, एरंडेल फेस टिकवते. कॉस्टिक ७७ ग्रॅम आणि पाणी १७० ग्रॅम. पाणीही वजनानेच घ्यावे. बोअरचे जड पाणी नको. स्वच्छ गाळलेले पावसाचे किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी चांगले. (बॅटरीचे ॲसिड नव्हे, पाणी!) घाण्याचे तेल असेल तर चार दिवस निवळू द्यावे आणि गाळ खाली सोडून वरचे घ्यावे.

कॉस्टिक विरघळले की द्रावण झाकून कोमट होऊ द्यावे. तेल एकत्र करून तेही तितकेच कोमट ठेवावे. मग कॉस्टिकचे पाणी बारीक धारेने तेलात सोडावे आणि लाकडी रवीने हलक्या हाताने घोटत राहावे. ताक घुसळतो तसे जोरात घुसळू नये, थेंब उडतात. रवीने अर्धा तास, कधी तासभरही लागतो. विजेवर चालणारी हातातली घुसळणी असली तर दहा मिनिटांतही होते. मिक्सरचे बंद भांडे मात्र वापरू नये.

आरंभी तेल वर तरंगते, मग मिश्रण दुधाळ होते आणि हळूहळू पळीवाढ्या पिठल्याइतके दाट येते. रवी उचलून धार सोडली आणि तिची रेघ वर क्षणभर दिसत राहिली, की साच्यात ओतावे. साचा म्हणून आतून जाड प्लास्टिक कागद लावलेली लाकडी पेटी चालते. वर पुठ्ठा ठेवून जुन्या गोधडीत गुंडाळावे. मिश्रण आपल्याच उष्णतेने आत तापते, मध्ये काळपट पारदर्शक झाल्यासारखे दिसते. त्यात घाबरण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच वड्या कापाव्यात. खोबरेलाचा साबण फार दिवस तसाच ठेवला तर कापताना तुटतो. सात-आठ वड्या मिळतील. त्या एकमेकींना न चिकटू देता सावलीत, वारा लागेल अशा बांबूच्या टोपलीत किंवा फळीवर ठेवाव्यात. किमान चार आठवडे, जमल्यास सहा. पावसाळ्यात ग्लिसरीनमुळे वड्यांना घाम सुटतो, तेव्हा अधिक दिवस धरावेत. घाई येथेच होते. घरात पाहुणे आले की “बघा, आम्ही केलेला साबण” म्हणून आठवड्यातच वडी मोरीत जाते.

वडीत पांढरे टणक खडे किंवा पाण्याचे कप्पे दिसले तर ती अंगाला लावू नये. मुरल्यावर ओले बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावून पाहावे. नुसती साबणाची चव आली तर ठीक. विजेसारखा चटका बसला तर तोंड धुवून घ्यावे आणि त्या घाण्याची वजने पुन्हा तपासावीत. काही जण हळद लावून परीक्षा करतात, ती निरुपयोगी आहे. हळद कोणत्याही चांगल्या साबणाने लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावला की काय होते, हे धुणे धुणाऱ्या बाईला सांगायला नको.

खर्च आणि विक्री

खोबरेलाचा भाव पाहता हा साबण दुकानातल्या स्वस्त वडीहून स्वस्त पडेल, अशी आशा धरू नये. घरचे तेल असेल तर गोष्ट वेगळी. कोकणात खोबरेल, इतरत्र करडई, शेंगदाणा किंवा बांधावरचा करंज, आपल्याकडे जे असेल त्याचा मेळ घालावा. करंज व कडुनिंब यांना उग्र वास असतो, म्हणून ते थोडे घ्यावे. करडईचे प्रमाण फार वाढवले तर वडी मऊ राहते आणि लवकर खवट होते. तेल बदलले की कॉस्टिकचा आकडाही नव्याने काढावा.

कडुनिंबाचा साबण म्हणजे औषध, असे सांगून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नये. खरूज, गजकर्ण झाले तर आरोग्य केंद्रात जावे. तान्ह्या बाळाला घरचा साबण लावू नये. अंगाचा साबण विकायचा तर कायद्याने परवाना घ्यावा लागतो. गटांनी आधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात चौकशी करावी, मगच बाजारात पाल ठोकावे.

कापताना निघालेल्या कडा आणि चुरा टाकू नये. वड्यांबरोबरच मुरवून डब्यात भरून ठेवावा. पाच टक्के निंबोळी अर्क करताना १०० लिटर फवाऱ्याला २०० ग्रॅम साबणाचा चुरा लागतो, तो यातूनच निघतो. एक लिटर कोमट पाण्यात चुरा आदल्या रात्री भिजत घालावा आणि सकाळी गाळून अर्कात मिसळावा, म्हणजे पंपाचे नोझल तुंबत नाही.