‘आय मिस यू’ नाही, ‘बघावंसं वाटतंय’

आजचा एपिसोड माझ्या रूममेटमुळे सुचला. तिचं ब्रेकअप झालं आणि आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस एकच कोरियन गाणं लूपवर वाजत होतं. भाषा तर तिला येत नाही. मग रडू कशाचं येतंय?

सबटायटल बघितलंत तर तिथे ‘आय मिस यू’ असतं. पण कोरियनमध्ये बहुतेक वेळा शब्द असतात ‘बोगो शिप्ता’. ‘बोदा’ म्हणजे बघणं आणि ‘शिप्ता’ लागलं की इच्छा. आता याचं मराठी करा: ‘बघावंसं वाटतंय’. कोणाला वाटतंय, कोणाला बघायचंय, काहीच सांगितलेलं नाही. ‘मी’ नाही, ‘तू’ नाही. इंग्रजीला कर्ता लागतोच. आपलं आणि कोरियनचं त्याच्याशिवाय भागतं, आणि क्रियापदही दोघींकडे शेवटीच येतं. म्हणून ती ओळ ज्याची त्याची होते. बीटीएसचं २०१७ चं ‘स्प्रिंग डे’ कोणी प्रियकरासाठी ऐकतं, कोणी दुरावलेल्या मित्रासाठी.

दुसरा शब्द मला जास्त आवडतो. ‘गुरिदा’. त्याचा एक अर्थ झुरणं, आणि अगदी तसाच उच्चार असलेल्या दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ चित्र काढणं. टूएनईवनच्या २०१३ च्या ‘मिसिंग यू’चं मूळ कोरियन नाव या झुरण्याच्या कुळातलंच.

हे वाचताना मला ‘गाथासप्तशती’ आठवली. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, परंपरेनं हाल सातवाहन राजाच्या नावावर. स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत आणली, १९५६ साली, इथे पुण्यातच. (जाडजूड आहे, लायब्ररीत बसूनच वाचा.) त्यात एक बाई आहे. नवरा परगावी गेलाय. ‘आज गेला’ म्हणून ती भिंतीवर एक रेघ ओढते. परत ‘आज गेला’, परत रेघ. पहिल्या दिवसाचा अर्धा भाग सरेपर्यंत भिंत भरून जाते. गुरिदाच की हे! झुरतेय आणि रेघा काढतेय. आपण दर चार मिनिटांनी लास्ट सीन बघतो, तेवढाच फरक.

सातवाहनांचा नाणेघाट इथून जवळच, जुन्नरच्या पलीकडे. ट्रेकला गेला असाल तर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहिला असेल. माल घेऊन कोकणात उतरणारा माणूस तिथे वळला की दिसेनासा व्हायचा. आता गंमत बघा, कोरियाचं सगळ्यांत प्रसिद्ध लोकगीत ‘आरिरांग’, २०१२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेलं, तेही घाटाचंच आहे. सोडून जाणारा खिंड ओलांडतोय, आणि मागे राहिलेली म्हणते, फार लांब जायच्या आतच तुझे पाय दुखतील. शाप म्हणा, नाहीतर ‘थांब ना’ म्हणा. के-पॉपमधला राग बराचसा असाच असतो. बोलणं तोडून टाकणारं, पण नजर रस्त्यावर.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्याला नुसतं ‘बघावंसं वाटतंय’ एवढंच पाठवू? त्यात ‘मी’ कुठेच नाही म्हणालीस ना!”

रात्रीचे दीड वाजले होते. मी तिचा फोन काढून घेतला.