घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी सव्वा-दीड तास जातो, शिवाय घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस वेगळं. बसायला जागा मिळावी म्हणून उल्हासनगर-अंबरनाथचे काहीजण आधी उलट्या दिशेने बदलापूर गाठतात आणि त्याच गाडीने परत फिरतात. हा सगळा वेळ झोपेतून कापला जातो, आणि त्यावर समजूत ठरलेली असते : ‘गाडीत होतेच की झोप!’

होते, पण ती रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही. रात्रीच्या सलग झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतो, नाडी मंदावते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना रोज मिळणारी विश्रांती ती हीच. दर स्टेशनला मोडणाऱ्या डुलकीने तरतरी येते, म्हणून ती जरूर घ्यावी. पण तिच्या भरवशावर रात्रीचे दोन तास उडवू नयेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदयाच्या आरोग्याच्या निकषांत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन, आहार, व्यायाम आणि तंबाखू यांच्या जोडीला झोप आणून बसवली. प्रौढांसाठी ७ ते ९ तास.

मात्र तास भरले म्हणजे झाली झोप, हाही गैरसमजच. त्यातला सगळ्यात घातक नमुना म्हणजे ‘बाबा किती गाढ झोपलेत, घोरतायत बघ’. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. पण घोरता घोरता मधेच आवाज बंद होत असेल, काही सेकंद शांतता, मग धडपडून मोठा श्वास, असं चालत असेल तर ती स्लीप ॲप्निया असू शकते. यात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाईने अर्धवट जाग आणतो आणि रक्तदाब उसळतो. तीव्र आजारात हे तासाला तीसपेक्षा जास्त वेळा घडतं. ज्या वेळी रक्तदाब उतरायचा, त्याच वेळी तो चढत राहतो. हृदयाचे ठोके अनियमित होण्याशीही या आजाराचा संबंध आहे. झोपलेल्याला मात्र यातलं काही आठवत नाही. साक्षीदार असते ती शेजारी जागी असलेली बायको, आणि डॉक्टरकडे तिला कुणी नेत नाही.

‘हा जाड्या पुरुषांचा आजार’ हे अर्धसत्य आहे. वजनाने धोका वाढतो, पण जबड्याची ठेवण लहान असेल तर सडपातळ माणसालाही तो होतो आणि पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री वारंवार लघवीला उठणं, दिवसा पेंग, ही त्याची लक्षणं.

उपाय म्हणून झोपताना हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र देतात. त्याने पेंग जाते, रक्तदाबही थोडा उतरतो. पण ‘यंत्र लावलं, आता हार्ट अटॅकची भीती नाही’ असं समजू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत असे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. अर्थात, त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी तीन-साडेतीन तासच वापरलं होतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत किंवा उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतं : ‘नाइट शिफ्टची सवय होते.’ मनाला होते, शरीराला पुरती होत नाही. त्याचं घड्याळ उजेडावर चालतं. दिवसाची झोप त्यामुळे तोकडी आणि तुटक राहते. वीस लाखांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचा २०१२ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात पाळीत काम करणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला. पाळ्यांतल्या माणसांचं खाणं, तंबाखू, पगार यांचाही त्यात वाटा असणार, पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नोकरी सोडा असं सांगणं सोपं आणि निरर्थक आहे. पाळी वरचेवर बदलू नये हे मालकाने पाहावं. दिवसा खोलीत अंधार आणि शांतता मिळेल हे घरच्यांनी.

रविवारी दुपारपर्यंत लोळल्याने थकवा उतरतो, आठवड्याची उधारी पूर्ण फिटत नाही. आणि ‘एक पेग मारला की मस्त झोप लागते’ यातलं ‘लागते’ एवढंच खरं. दारूने घसा आणखी सैलावतो, उत्तररात्री झोप मोडते. ॲप्नियाच्या रुग्णाने तर झोपेची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तेव्हा रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या चालू असूनही आकडा खाली येत नसेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना घोरण्याबद्दल आपणहून सांगा, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा.