नवस फेडायचं घर

मुखेडच्या दशरथेश्वराच्या देवळात भर दुपारी शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. बाहेर भिंतीवरच्या सुरसुंदरी उन्हात लख्ख उभ्या असतात. सभामंडपात सावली, अंतराळात अंधूक, गाभाऱ्यात काळोख. माणसाच्या डोळ्याला अंधार पूर्ण सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. ही वाट चार पावलांत संपते. म्हणून गाभाऱ्यापाशी पोचलेला माणूस तळपायांनी आणि कानांनी चालतो. पायाखालचा गार दगड, पिंडीवर पडणारा थेंब, वर कुठेतरी फडफड. देव दिसायच्या आधी जागा अंगावर येते.

हीच किमया मला पुन्हा भेटली ती तैवानच्या एका भयकथेच्या व्हिडिओ गेममध्ये. रेड कँडल गेम्स या छोट्या चमूने तो फेब्रुवारी 2019 मध्ये आणला. इंग्रजी नाव 'डिव्होशन', म्हणजे भक्ती. पण मूळ चिनी नाव 'हुआन युआन', आणि त्याचा अर्थ कळला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. हुआन युआन म्हणजे नवस फेडणे. इंग्रजीला जो शब्द धड सापडला नाही, तो आपल्या आजीच्या तोंडी रोजचा होता.

या गेममध्ये पडद्यावर नायक दिसत नाही. पडद्याची चौकट हेच आपले डोळे. हातात तलवार नाही, बंदूक नाही. चालायचं, दारं उघडायची, वस्तू उचलून न्याहाळायची, एवढंच. भीतीचं यंत्र इथेच बसवलेलं असतं. डोळ्यांसमोर जेवढं दिसतं तेवढंच जग, आणि आपली पाठ सदैव उघडी. उतारा ठेवून परतताना मागे वळून पाहायचं नाही, असं सांगणाऱ्या माणसांना पाठीमागच्या न दिसणाऱ्या जागेची ताकद पक्की ठाऊक होती. गेममध्ये मात्र मागे वळावंच लागतं, आणि वळायचं कधी हे आपणच ठरवतो. सिनेमात दिग्दर्शक आपली मान फिरवतो. इथे मान आपली, म्हणून धडधडही आपली.

'डिव्होशन'मध्ये राजवाडा नाही, स्मशान नाही. तैपेई शहरातला 1980च्या दशकातला एक साधा फ्लॅट आहे. टीव्ही, सोफा, स्वयंपाकघर, मुलीची खोली, न्हाणीघर. राहणारे तिघं: पटकथा लिहिणारा डू फेंग-यू, एके काळी पडद्यावर गाजलेली त्याची बायको गोंग ली-फांग, आणि गाण्याची आवड असलेली छोटी मेई-शिन. एका बोळातून आपण हाच फ्लॅट तीन सालांत पाहतो: 1980, 1985 आणि 1986. भिंती त्याच, दारं त्याच जागी. बदलतात त्या वस्तू. संसार उभा राहतो, भरतो आणि नासतो, आणि हे कोणी आपल्याला सांगत नाही, खोल्या सांगतात.

आपल्याकडच्या माळवदाच्या घरात वाढलेल्याला ही भाषा शिकवावी लागत नाही. ढेलजेतून आत आलं की छतातल्या सवण्यातून पडलेला उजेडाचा एकच चौकोन, त्यापलीकडे धान्याच्या बळदाचा अंधार. हार घातलेला फोटो, थांबलेलं घड्याळ, दारामागे पोरांची उंची मोजलेल्या रेघा. घरातलं माणूस गेलं तरी या खुणा बोलत राहतात. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (2018) हेच ओळखलं होतं. त्यातला पाऊस खरा मिळावा म्हणून चित्रीकरण अनेक पावसाळे चाललं, आणि सासवडचा जुना वाडा त्या चित्रपटात कुठल्याही पात्राइतका जिवंत झाला.

'डिव्होशन'मधली चिन्हं या कौशल्याने पेरलेली आहेत. मेई-शिनची कागदी ट्यूलिपची फुलं पहिल्यांदा दिसतात तेव्हा नुसती खेळणी वाटतात. पुढे तीच फुलं बघवत नाहीत, कारण एव्हाना त्यामागची आशा आपल्याला कळलेली असते. देव्हाऱ्यात त्सिगू ग्वानयिन नावाची देवी आहे. ती अंगावर धावून येत नाही. तिची जागा मात्र घरात वाढत जाते आणि माणसांची आक्रसत जाते. खरं भूत कोणतं, हे आपण हळूहळू ओळखतो.

मेई-शिनला श्वास लागतो. शरीरात दोष सापडत नाही, आणि मानसोपचाराचा सल्ला मिळतो. बाप पेटून उठतो: माझी पोरगी वेडी नाही. मग तो एका भगताच्या नादी लागतो. बायको घर सोडते. शेवटी भगताच्या सांगण्यावरून तो मुलीला सापाच्या दारूने भरलेल्या टबात ठेवून न्हाणीघराचं दार सात दिवस बंद ठेवतो. प्रेमापोटी. या एका शब्दामुळे हा गेम साध्या भयकथेच्या पलीकडे जातो. हा बाप राक्षस असता तर आपण सुटलो असतो.

हे वाचताना तैवान किती दूर राहतं? पुण्यात 20 ऑगस्ट 2013 रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, आणि साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हे त्याच्या अनुसूचीत गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. कलमं वाचून चीड येते. पण कोंडणाऱ्या बापाच्या डोळ्यांनी तेच घर फिरताना जे होतं, त्याला कलमाची भाषा पुरत नाही. दाराची मूठ आपल्याच हातात असते.

गेम आठवडाभरातच 'स्टीम' या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून हटला. भिंतीवरच्या एका ताईतात चीनच्या राष्ट्राध्यक्षांची टिंगल दडलेली सापडली आणि चिनी खेळाडू खवळले. निर्मात्यांनी माफी मागितली. 2020 मध्ये हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाने तो आपल्या संग्रहात घेतला, आणि मार्च 2021 पासून निर्माते तो स्वतःच्या संकेतस्थळावर विकत आहेत.

तीनेक तासांचा आहे. खेळलात तर कानाला हेडफोन लावा, दिवा बंद करा, आणि न्हाणीघराच्या दारापाशी घाई करू नका.