कापातली माणसं

खेड स्टेशनात उतरून दापोलीची एसटी धरली की तासाभराच्या वळणावळणांत एक शब्द हमखास कानावर पडतो. शेजारची बाई म्हणते, "कापात जायचंय." परक्याला वाटतं, हे वाटेतलं एखादं गाव असेल. पण काप म्हणजे दापोलीच. इंग्रजांचा कॅम्प कोकणी जिभेवर घासून घासून काप झाला. आजही सरकारी कागदांवर 'दापोली कॅम्प' असं नाव दिसतं. छावणी उठून दीडशेहून अधिक वर्षं लोटली, तरी नाव उरलं. त्या नावात या गावाचा सारा स्वभाव आहे असं मला वाटतं. दापोलीत माणसं मुक्कामाला येतात, मुक्काम संपला की जातात, आणि गाव पुढच्या मुक्कामाची तयारी करतं.

छावणीसाठी हीच जागा का निवडली, हे नकाशापेक्षा पायी फिरल्यावर जास्त कळतं. समुद्र जवळ, पण गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचावर. खाली खलाटीत हर्णै, मुरूड, आंजर्ले अशी घामट हवेची, नारळी-पोफळीची गावं. वर वलाटीत जांभ्याचा सडा, मोकळा वारा आणि हिवाळ्यात अंगावर घोंगडी ओढावी अशी थंडी. गोऱ्या अधिकाऱ्यांना आणखी काय हवं होतं? पेशवाई बुडाली त्या १८१८ सालानंतर दक्षिण कोकणची लष्करी छावणी इथं वसली. गावाच्या मध्यावरचं आझाद मैदान आणि जुन्या चर्चचे पडके अवशेष पाहिले की छावणीची आखणी अजून ओळखू येते.

गावातून निघालेला जवळजवळ प्रत्येक रस्ता खाली उतरतो. हर्णैला, कर्द्याला, बुरोंडीला, दाभोळच्या खाडीला. पाण्याचंही तसंच. वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस इथं पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभा हा सच्छिद्र दगड. पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. जोग नदी आणि लहानमोठे पऱ्हे सगळं पाणी घेऊन समुद्र गाठतात आणि एप्रिल उजाडला की विहिरींचा तळ दिसू लागतो. ज्या घराची कौलं जुलैत दिवसरात्र गळतात, त्याच घरची बाई मे महिन्यात हंडा घेऊन टँकरची वाट बघते. कोकणातली माणसं मुंबईला का गेली, याचं निम्मं उत्तर या दगडात आहे. वरकस उतारावर नाचणी-वरी पिकायची, मळ्यात एक पीक भात, आणि मग आठ महिने हाताला काम नाही. बाकीचं निम्मं उत्तर जमीन कोणाच्या नावावर होती, यात.

छावणीतल्या पलटणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हलल्या, पण पेन्शनर मागे राहिले. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत नोकरी केलेल्या महार सैनिकांची मोठी वस्ती इथं होती. गावकीच्या बेड्यांबाहेर, दरमहा पेन्शन मिळणारा, लिहिता-वाचता येणारा असा समाज त्या काळी फार थोड्या ठिकाणी होता. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन इथं राहिले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि पुढं महारांची लष्करभरती थांबल्यावर तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ मुलाबाळांसह याच दापोलीत राहिले. त्या मुलांत धाकटे भीमराव होते. अस्पृश्यांच्या चळवळीचा इतिहास मुंबई, महाड, नागपूर इथून सांगितला जातो. त्यात या पेन्शनरांच्या वस्तीला एक ओळही क्वचितच मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिक्षणाची गोष्टही तिथूनच सुरू होते. छावणीमागोमाग मिशनची शाळा आली. भारतरत्न पां. वा. काणे याच मिशन शाळेत शिकून मॅट्रिक झाले. पण काण्यांच्या आधीच्या पिढीचं चित्र वेगळं होतं. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीची परीक्षा द्यायला सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेले आणि वयानं लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. एका परीक्षेसाठी पोराला घाट चढावा लागे. कर्वे, काणे, आंबेडकर: तीन भारतरत्नांची पावलं या एका तालुक्यात उमटली, आणि तिघांचंही आयुष्यभराचं काम तालुक्याबाहेर झालं.

मग वारा फिरला. १९६५ साली दापोलीत कृषी महाविद्यालय निघालं आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावानं ओळखलं जातं. कृषी, कृषी अभियांत्रिकी, उद्यानविद्या, वनशास्त्र अशी महाविद्यालयं एकाच माळावर आली. ज्या सड्यावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं आंब्या-काजूच्या रोपवाटिका उभ्या राहिल्या. कोय कलमाची पद्धत इथं घोटून शेतकऱ्याच्या हातात दिली गेली. वेंगुर्ल्याच्या केंद्रातून १९८१ साली 'रत्ना' आंबा आला, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून. पळणारं पाणी अडवायला कोकण विजय बंधारा आला. जांभ्याचा स्वभाव बदलत नाही, पण त्याच्याशी कसं वागायचं हे माणसाला शिकवता येतं.

आता घाट उतरून मुलं इकडे येतात. अकोल्याची, लातूरची, नगरची. पहिला पाऊस पाहून घाबरलेली, महिनाभर कपडे न वाळल्यामुळे रडकुंडीला आलेली, चुलीवरच्या भाकरीची आठवण काढत मेसमधला भात खाणारी. चार वर्षांनी जाताना त्यांच्या बोलण्यात 'आगोट' आणि 'पऱ्हा' हे शब्द आलेले असतात.

आणि इथं लोकसंख्येचा प्रश्न उभा राहतो. दापोलीला नगरपंचायत आहे. कायद्यानं ती १० हजार ते २५ हजार वस्तीच्या गावाला मिळते. पण ही वस्ती म्हणजे नक्की कोण? आपल्या जनगणनेत माणूस त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या जागी मोजतात. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि १ मार्चचा आरंभक्षण हिशेबाला धरला गेला. फेब्रुवारीत वसतिगृहं भरलेली असतात. म्हणून लातूरचा मुलगा दापोलीकर म्हणून मोजला जातो. त्याच वेळी पंचनदीच्या किंवा पालगडच्या वाडीतला चाकरमानी लालबागच्या, नालासोपाऱ्याच्या खोलीत असतो, तो तिथला मोजला जातो. त्याचं घर, देव, रेशनकार्ड आणि भाऊबंदकीचा दावा सगळं इथं. मोजणीत मात्र तो नाही.

जिल्ह्याचे आकडे याची साक्ष देतात. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आटला. हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. हा आकडा पाहून कोणी जिल्ह्याचं कौतुक करू लागलं तर मला राहवत नाही. तो बहुतांशी गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे. मागे राहिलेली बाई लावणी करते, म्हाताऱ्यांचं बघते, ग्रामसभेत बसते आणि गणपतीची वाट बघते. एकोणिसाव्या शतकातही मुंबईत बाहेरून आलेल्यांत सर्वाधिक माणसं रत्नागिरी जिल्ह्यातली होती. तेव्हा हर्णै-दाभोळहून आगबोट सुटायची, आता खासगी बस सुटते, एवढाच फरक.

त्यामुळे दापोलीला ऋतूनुसार वेगवेगळी लोकसंख्या असते. भाद्रपदात वाड्यावाड्यांतली बंद घरं उघडतात आणि बाजारात चालायला जागा नसते. शिमग्याला पालखी नाचवायला पुन्हा तीच माणसं येतात. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होऊ लागतात, त्याच सुमारास पर्यटकांच्या गाड्या कर्दे-मुरूडच्या किनाऱ्याकडे उतरतात. एकच माणूस वर्षभरात मेसवाला, खोलीमालक आणि लॉजवाला होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा यांतलं जवळजवळ कोणीच इथं नव्हतं. टाळेबंदीमुळे मुलं गेलेली, पर्यटक बंद. आंजर्ले-केळशीच्या आगरांत आडवी झालेली पोफळ उचलायला उरली होती ती मागे राहिलेली म्हातारी माणसं, आणि टाळेबंदीत परतलेले काही चाकरमानी.

पुढची गणती फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. प्रगणक वसतिगृहात जाईल तेव्हा एका मजल्यावरच त्याच्या भरपूर नोंदी होतील. मग तो खालच्या वाडीत उतरेल. पहिल्या घराला कुलूप असेल, दुसऱ्यालाही. तिसऱ्या घरातली आजी पडवीत बसवून पाणी देईल आणि विचारलेलं सोडून आधी कुलपांच्या घरांची नावं सांगायला लागेल: कोण कुठं असतो, कोण कधी येतो, कोणाचा गणपती दीड दिवसाचा आणि कोणाचा गौरीबरोबर जाणारा.