जुन्या ऑसिलोस्कोपवरची रेषा गायब का होते? ॲम्प्लिफायरमधला दोष कसा शोधतात?

ऑसिलोस्कोप सुरू केला, पॉवरचा दिवाही लागला. पण पडद्यावर नेहमी मधोमध दिसणारी हिरवी रेषा काही दिसत नाही. 'ॲम्प्लिफायर गेला' असं म्हणत अनेक जण लगेच सोल्डरिंग आयर्न तापवतात आणि एकेक पार्ट बदलत सुटतात. यात चांगले पार्टही खराब होऊ शकतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण. आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत त्याला 'सीआरओ' म्हणतात. अमेरिकेच्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचं १९७२ मध्ये आलेलं ४६५ हे १०० मेगाहर्ट्झचं मॉडेल आजही हौशी मंडळी दुरुस्त करून वापरतात. त्याच्याच उदाहरणावरून ही शोधाची पद्धत समजून घेऊ.

झाकण उघडण्याआधी काय पाहायचं?

आधी 'बीम फाइंडर' बटण दाबायचं. पडद्याबाहेर गेलेली रेषा त्यामुळे आत येते. ती अगदी वर किंवा खाली दिसली, तर व्हर्टिकल ॲम्प्लिफायरवर संशय घेता येतो.

मग दोन्ही चॅनल तपासायचे. एकच चॅनल बंद असेल, तर दोष त्या चॅनलच्या सुरुवातीच्या भागात असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बंद असतील, तर दोघांसाठी सामाईक असलेला शेवटचा ॲम्प्लिफायर किंवा पॉवर सप्लाय पाहावा लागतो.

पॉवर सप्लाय आधी का?

ॲम्प्लिफायर ठीक असला, तरी त्याला योग्य व्होल्टेज मिळालं नाही तर तो चुकीचंच काम करणार. ४६५ मध्ये +११०, +५५, +१५, +५ आणि -८ व्होल्ट असे वेगवेगळे सप्लाय आहेत. ते मल्टिमीटरने मोजता येतात.

एखादा सप्लाय जवळपास शून्यावर आला असेल, तर टँटलम कपॅसिटर तपासावेत. जुने झाल्यावर ते शॉर्ट होण्याचं प्रमाण बरंच असतं. एक छोटा कपॅसिटर अख्खा सप्लाय खाली ओढतो आणि आळ मात्र ॲम्प्लिफायरवर येतो.

दोष ॲम्प्लिफायरमध्येच असेल तर?

इथे सर्किटची रचनाच मदतीला येते. हा ॲम्प्लिफायर 'डिफरन्शियल' प्रकारचा, म्हणजे दोन सारख्या बाजूंचा असतो. सिग्नल नसताना दोन्ही बाजूंचं व्होल्टेज जवळपास सारखं हवं. ते जिथे वेगळं दिसेल, त्याच्या आसपास शोधायचं.

आणखी एक युक्ती आहे. शेवटच्या टप्प्यापासून मागे येत, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागीच दोन्ही बाजू तारेने क्षणभर जोडायच्या. रेषा मधोमध आली, तर तिथून पुढचा भाग ठीक आहे आणि दोष मागे आहे. ज्या टप्प्यावर रेषा मध्यावर येत नाही, तिथे शोध संपत आला असं समजायचं.

४६५ मधले बरेच ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले असतात. उपकरण बंद करून दोन बाजूंच्या सारख्या ट्रान्झिस्टरची अदलाबदल करता येते. वर गेलेली रेषा आता खाली गेली, तर दोषी ट्रान्झिस्टर सापडला. कधीकधी सॉकेटचे गंजलेले संपर्क साफ केले, तरी काम होतं.

धोका कुठे आहे?

पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि उपकरण बंद केल्यावरही तिथे चार्ज शिल्लक राहू शकतो. त्यामुळे हाय व्होल्टेजची माहिती नसलेल्यांनी झाकण उघडू नये. जाणकारही मोजताना एक हात लांब ठेवतात.

रेषा परत आली, म्हणजे काम झालं?

नाही. समोरच्या कॅलिब्रेटरमधून मिळणारा सुमारे १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल लावून त्याची उंची आणि आकार तपासावा लागतो. बंद पडलेलं उपकरण निदान फसवत तरी नाही. चुकीचं माप दाखवणारं उपकरण मात्र पुढची प्रत्येक दुरुस्ती चुकवतं.